नावाचे दोनशे

पर्स साधीच होती. काळ्या रंगाची, हाताला मऊ लागणारी, दोन पट्ट्यांची, आत जांभळं अस्तर. भाचीने ती खांद्याला अडकवून आरशात पाहिली, चेन दोन-तीनदा उघडमीट केली आणि किंमत विचारली. "साडेसहाशे," दुकानदार म्हणाला आणि त्याने काउंटरखालचा खण ओढला. आत कप्प्याकप्प्यांची प्लास्टिकची डबी होती आणि तिच्यात सोनेरी, रुपेरी धातूची नावं भरून ठेवली होती. कुठे दोन अक्षरं एकमेकांत अडकलेली, कुठे उलटा त्रिकोण, कुठे गोल चकतीवर कोरलेली सही. "कुठलं लावू ताई? लावून साडेआठशे होतील बघा." भाचीने एका चकतीवर बोट ठेवलं. त्याने पर्सच्या पुढच्या बाजूला मधोमध खूण केली, टोच्याने भोकं पाडली, चकतीचे पाय आत घातले, मागून पक्कडीने दुमडले आणि फडक्याने पुसून पर्स तिच्या हातात दिली. मागवलेला चहा यायच्या आत काम झालं होतं. चेन तीच, अस्तर तेच, पट्टे तेच. साडेसहाशेवर भाचीने बरीच घासाघीस केली होती. नावाच्या दोनशेवर तिने ब्रही काढला नाही.

तेव्हापासून ते दोनशे रुपये माझ्या डोक्यातून जात नाहीत.

भाचीला नावं ठेवावीत असं मला मुळीच वाटत नाही. ती पुण्याजवळ हिंजवडीला नोकरी करते. दुपारी जेवायला बसताना तिथे आधी पर्स टेबलावर येते, मग डबा. सुरुवातीला तिच्या तोंडून "काय करायलाव" असं काही निघालं की मैत्रिणी हसायच्या. वाईट मनाने नाही, पण हसायच्या. आता ती तिथे अगदी पुण्याची होऊन बोलते आणि इथे बसमधून उतरली की पहिल्या वाक्याला सोलापूरची होते. "नाव दिसलं की कुणी काही विचारत नाही, आत्या," ती म्हणाली, आणि त्यात फुशारकीचा लवलेश नव्हता. चारचौघींत बसताना आपल्याकडे कुणी फार निरखून पाहू नये, एवढंच तिला हवं असतं. ती गरज मला कळते. माझी आई विड्या वळायची. तेंदूची पानं, तंबाखू, दोऱ्याची गुंडी, आणि संध्याकाळी वळलेल्या विड्या कारखान्यात नेऊन द्यायची एक खाकी पिशवी. तिथला तपासणारा मूठभर विड्या उचलून छाट म्हणून बाजूला टाकायचा, तेव्हा आई पिशवीचे बंद हाताला गुंडाळत गप्प उभी राहायची. पैसे कमरेच्या बटव्यात. मी नोकरीला लागल्यावर तिला एक तपकिरी रेक्झीनची पर्स आणून दिली. लग्नाकार्यात ती मांडीवर घेऊन, दोन्ही हात वर ठेवून आई बसायची. तिच्यात असायचं काय, तर एक रुमाल आणि सुपारीचा तुकडा. पण खुर्चीत बसल्यावर तिची पाठ ताठ व्हायची. ती पर्स आजही उघडली की अस्तराला तंबाखूचा वास येतो. त्यामुळे पर्स म्हणजे निव्वळ चोचले असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही.

पण नावाची गोष्ट निराळी आहे, आणि ती मला वडिलांमुळे निराळी वाटते. वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादर कारखान्यात जॉबर होते. माग अडला, ताणा सैल झाला, जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राची, पट्टी सरकली की लोक त्यांना हाक मारायचे. घरी आले तरी त्यांच्या कानात मागांचा खडखडाट असायचा, म्हणून ते मोठ्यानेच बोलत. एकदा आमचे एक नातेवाईक परगावाहून आले आणि येताना मोठ्या हौसेने चादर घेऊन आले. सोलापूरच्याच घरात सोलापुरी चादर आणलेली पाहून आम्ही पोरं हसलो. वडील हसले नाहीत. त्यांनी चादर हातावर घेतली, उलटी केली. आमच्या चादरीची नक्षी दोन्ही अंगांनी दिसते. एका बाजूला जो रंग जमिनीचा, तोच उलट्या बाजूला फुलाचा. तसं ते होतं, पण काठाजवळ दोरे लोंबत होते. त्यांनी टोकाचा एक दोरा ओढून काढला, पाहुणे हातपाय धुवायला गेल्यावर अंगणात जाऊन काडी पेटवली आणि दोऱ्याला लावली. सुती दोरा कागदासारखा जळतो, त्याची राख बोटांत चुरगळते. हा दोरा आखडला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी धरला. वडिलांनी तो मणी नखाने दाबून पाहिला. पाहुण्यांना ते एका अक्षराने बोलले नाहीत, रात्री तीच चादर त्यांना पांघरायला दिली. नंतर आईला एवढंच म्हणाले, "हिच्या कागदावर आपलं गाव छापलंय."

हरियाणातल्या पानिपतहून येणाऱ्या असल्या चादरींनी सोलापूरचं काय केलं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. 2005-06 मध्ये आपल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं. कागदावर गावाचं नाव गावाचं झालं. तरी हमरस्त्यावरच्या दुकानांत निम्म्या किमतीच्या 'सोलापुरी' चादरींच्या थप्प्या लागतच राहिल्या आणि इथले एकेक कारखानदार चादर सोडून टॉवेलकडे वळले. स्वस्त चादर विणणाऱ्या तिकडच्या मजुराबद्दल माझ्या मनात काही अढी नाही. त्यालाही घर आहे, त्याच्याही कानात खडखडाट असेल. त्याने आपली चादर आपल्या गावाच्या नावाने विकली असती, तर वडिलांनी काडी पेटवली नसती. गरिबाला उबदार काहीतरी स्वस्तात मिळालं असतं, गोष्ट संपली असती.

या दोनशे रुपयांच्या नादात मी त्या मोठ्या नावांबद्दलही बरंच वाचून काढलं. लुई व्हिटॉन हे घराणं 1854 पासूनचं, पॅरिसचं. मुळात प्रवासाच्या पेट्या बनवणारं. त्यांच्या पेट्यांच्या कापडाची लोक नक्कल करत, म्हणून 1888 मध्ये चौकटींचं कापड आलं आणि काही चौकटींत 'नोंदणीकृत खूण' असं चक्क लिहिलेलं होतं. तरी नकला थांबेनात. मग 1896 मध्ये लुईच्या मुलाने, जॉर्जने, आद्याक्षरं आणि फुलं गुंफलेली ती नक्षी काढली, जी आज आपल्या सोलापुरातही प्रत्येक रिक्षात एखाद्या तरी मांडीवर दिसते. म्हणजे जगात बहुधा सर्वांत जास्त चोरली गेलेली ही नक्षी चोरी होऊ नये म्हणूनच जन्माला आली होती. त्याहून मला चटका लावून गेली ती दुसरी गोष्ट: ती नक्षी सुरुवातीला जॅकार्डवर विणलेली होती. त्याच यंत्रावर, जे फ्रान्समधल्याच ल्यों शहरात 1804 मध्ये जोसेफ मारी जॅकार्डने उभं केलं आणि ज्याच्या पट्ट्यांना भोकं पाडणारी माणसं आमच्या गल्लीत राहायची. पुढे 1959 मध्ये सुती कापडावर प्लास्टिकचा लेप दिलेलं मऊ कॅनव्हास आलं आणि त्यावर नक्षी छापली जाऊ लागली. आजही दीड-दोन लाखांची ती तपकिरी पर्स अंगाने सुती कापड आणि वरून लेप अशीच असते. चामडं फक्त पट्ट्यांना आणि कडांना. ते वाचलं त्या रात्री वडील असते तर मी त्यांना उठवून सांगितलं असतं.

अर्थात सगळ्याच महाग पर्सा तशा नसतात, आणि महाग आहे म्हणून ती फसवणूकच, असं म्हणण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. एर्मेस या फ्रेंच कंपनीची बर्किन पर्स घ्या. 1983 मध्ये विमानात जेन बर्किन या अभिनेत्रीची टोपली सांडली, शेजारी त्या कंपनीचा प्रमुख बसला होता, आणि पुढच्या वर्षी तिच्या नावाची पर्स निघाली. तिच्यासाठी बनलेली ती पहिली पर्स 2025 च्या जुलैमध्ये पॅरिसच्या लिलावात 86 लाख युरोंना गेली. आकडा ऐकून गरगरतं. पण ती पर्स शिवायची रीत मी व्हिडिओत बारकाईने पाहिली आणि मला कारागिराचा आदर वाटला. एकच मेणाचा दोरा, दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मशीनच्या शिलाईत एक टाका तुटला की पुढची ओळ उसवत जाते. इथे एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. एक कारागीर एक पर्स सुरुवातीपासून शेवटपर्यंत करतो आणि त्यात त्याचे दिवस जातात. त्याची बोटं भोकाभोकावर थांबतात, दोरा खेचताना दोन्ही हात पंखांसारखे बाजूला जातात. अशा हाताला भरपूर दाम मिळावं असं मला मनापासून वाटतं.

ते दाम त्या हाताला मिळतंच असं मात्र नाही. 2024 मध्ये मिलानच्या न्यायालयात दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीच्या इटलीतल्या एका उत्पादक कंपनीचं प्रकरण आलं. तपासाच्या कागदपत्रांनुसार, चामडं आणि बाकीचा कच्चा माल सोडून, एक पर्स जुळवून देण्याचे ठेकेदाराला 53 युरो मिळत होते. दुकानात ती पर्स 2,600 युरोंना होती. ठेकेदाराकडचे स्थलांतरित कामगार कारखान्यातच झोपत. न्यायालयाने त्या कंपनीवर प्रशासक बसवला. पुढे सुधारणा झाल्यावर 2025 च्या फेब्रुवारीत तो मुदतीआधी उठवला. बातमी वाचली आणि मी पुन्हा पुन्हा त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिले. मधले सगळे पैसे नावाचेच नव्हेत हे मला समजतं. दुकानाचं भाडं, जाहिराती, कर, सगळं त्यात येतं. तरी 53 म्हणजे 53.

त्याच 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला चालवल्या आणि कोल्हापूरचं नाव कुठेच घेतलं नाही. महाराष्ट्र पेटला. मीही पेटले होते. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जे मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, आणि त्या चारांत आपला सोलापूर जिल्हाही आहे, हे मला त्या धामधुमीत कळलं. चामड्याच्या वादीने शिवलेली, खिळा न ठोकलेली चप्पल करणारी घरं आपल्याही जिल्ह्यात आहेत आणि तिचा आकार, तिची वेणी उचलून कुणीतरी स्वतःचं नाव लावतंय, याचा संताप आला. पुढे त्या कंपनीने उगम मान्य केला, डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, इथेच दोन हजार जोड बनवून प्रत्येकी 800 युरोंच्या आसपास विकायचं ठरलं. बरं वाटलं. पण तेव्हा रागाने मला फोन करणाऱ्या कित्येक मैत्रिणींच्या खांद्यावर इटलीचं किंवा फ्रान्सचं नाव लावलेली फर्स्ट कॉपी होती, हेही मला तितकंच स्पष्ट दिसत होतं. दुसऱ्याचं नाव उचलणं दोन्हीकडे सारखंच आहे. ज्याचं नाव तो श्रीमंत असला म्हणून ते वेगळं होत नाही.

नाव उचलणं आणि नुसतं तसं दिसणं, यातला फरक कायद्यालाही ठाऊक आहे. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात खोटी खूण लावून माल विकणाऱ्याला 6 महिन्यांपासून 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपासून 2 लाखांपर्यंत दंड आहे. डबीतल्या त्या चकत्यांवर इतकं मोठं काही टांगलेलं आहे, हे त्या दुकानदाराच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. आणि पर्स नुसती तशी दिसते, तिच्यावर नाव कुणाचंच नाही, हे वेगळं. अमेरिकेत 2024 च्या शेवटी बर्किनसारखी दिसणारी 80 डॉलरच्या आसपासची पर्स वॉलमार्टच्या संकेतस्थळावर आली आणि बायकांनी ती उघडपणे, हसत घेतली. आकाराच्या नकलेवरूनही कंपन्या कोर्टात जातात, ते आपल्या जागी. पण मला त्या बायका आवडल्या. झाकपाक नाही. आवडली, परवडली, घेतली. दोन पट्टे आणि एक झाकण असलेली पिशवी ही काही एका घराण्याची मालमत्ता असू नये.

आमच्या मागच्या गल्लीत एक अक्का राहतात. आधी शाळेचे गणवेश शिवायच्या, आता रेक्झीनच्या पर्सा. ठेकेदार कापलेले तुकडे आणून टाकतो, त्या जोडून देतात. घरात शिरलं की आधी चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र वास, मग मशीनचा आवाज. एका पर्सचे त्यांना पस्तीस रुपये मिळतात, दोरा त्यांचा. मी शेजारी बसून बघत होते. अस्तर लावण्याआधी त्यांनी पुढच्या तुकड्याच्या मागे, बरोबर मधोमध, दोन बोटं रुंदीचा जाड पुठ्ठा चिकटवला आणि अंगठ्याने कडा दाबून बसवला. "हे कशाला अक्का?" मी विचारलं. "तिथं नाव बसतंय की. पुठ्ठा नसला तर रेक्झीन फाटतंय." त्यांनी ते सहज सांगितलं आणि पुढचा तुकडा उचलला. त्या पुठ्ठ्याची जागा त्या पट्टी न लावता, नजरेने काढतात आणि ती चुकत नाही. पट्ट्याच्या टोकाला, जिथे ताण येतो, तिथे त्या मशीन उलटी चालवून दुहेरी टाका घालतात. ठेकेदाराने तसं सांगितलेलं नाही. "दोन महिन्यांत तुटलं तर बाई शिव्या कुणाला देती?" असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांना विचारलं, तुमचं नाव लावलं तर? त्या हसल्या नाहीत, विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "नाव घेऊन काय करू गं. पस्तीसचे पंचेचाळीस कर म्हणावं त्याला." ठेकेदार म्हणतो दुकानदार वाढवून देत नाही, दुकानदार म्हणतो गिऱ्हाईक देत नाही. हे सांगताना त्यांची बोटं थांबली नव्हती. माझ्या वडिलांच्या चादरींवरही काठाला कारखान्याचंच नाव विणलेलं असायचं, आणि वडिलांना त्याचा अभिमान होता. त्यात त्यांचं नाव कधीच नव्हतं आणि त्यांनी ते मागितलंही नाही. पण ते नाव ज्या छपराखाली उमटायचं त्या छपराखाली ते रोज उभे असायचे. दिवाळीला बोनस त्याच नावाच्या पाकिटातून यायचा. अक्कांच्या पर्सवर जे नाव बसतं त्याचा त्यांच्याशी कसलाच संबंध नाही. त्या नावाच्या गावी त्यांची पर्स सापडली तर जप्त होईल. इथे तिचं कौतुक होतं ते दुसऱ्याच्या नावाने. पर्स टिकली तर "कॉपी भारी आहे" आणि फाटली तर "शेवटी डुप्लिकेटच." दुहेरी टाका घालणाऱ्या बाईच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. मला सगळ्यात जास्त सलतं ते हे.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आत्या, नकली चादरीने आजोबांच्या पोटावर पाय आला, कबूल. पण ही चकती लावल्याने पॅरिसमध्ये कुणाच्या पोटावर पाय येतोय? मी काही ती दोन लाखांची घेणार नव्हते." प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं अर्धंच उत्तर आहे. त्या कंपनीचं एका सोलापुरी पोरीने काही बिघडवलेलं नाही, हे मला मान्य आहे. मात्र नाव लावलेली पर्स जास्त पैशांना विकली जाते तोवर बिननावाची चांगली पर्स करण्यात दुकानदाराला रस राहणार नाही, आणि अक्कांचे पंचेचाळीस कधीच होणार नाहीत, असं मला वाटतं. तिला ते पूर्ण पटलं नाही. "टेबलावर तर पर्सच दिसते ना, अक्का दिसत नाहीत," ती म्हणाली.

दोन दिवसांनी तिचाच फोन आला. ऑफिसातल्या चौघी-पाच जणींना लॅपटॉप बसेल अशी मोठी पर्स हवी आहे, साधी, वर काही न लावलेली. अक्का थेट शिवून देतील का? मी अक्कांकडे गेले. रेक्झीन पिळून दाखवत त्यांनी सांगितलं की लॅपटॉपचं वजन असेल तर जाड माल लागेल, चेनही मोठ्या दातांची घ्यावी लागेल, अस्तरात फोम. जाड माल अख्खा तागाच उचलावा लागतो, सुटा मिळत नाही, आणि त्याला आगाऊ पैसे लागतात. भाची म्हणते मैत्रिणींकडून निम्मे आधी घेऊ. अक्कांना उरलेल्या निम्म्याची काळजी आहे, कारण गणवेशाच्या कामात त्यांचे पैसे एकदा बुडालेत. शिवाय ठेकेदाराला कळलं तर तो काम बंद करेल अशी धास्ती. शिलाई किती घेणार, असं मी विचारलं तर आधी "तूच सांग" म्हणाल्या, मग बराच वेळ बोटांवर हिशेब करून "दीडशे" म्हणाल्या आणि लगेच "जास्त झाले का?" असं विचारलं. मी नाही म्हणाले. भाचीला तसं कळवलंय, माप घ्यायला तिने एक जुनी लॅपटॉपची बॅग पार्सलने पाठवली आहे, आणि चेन कुठल्या रंगाची यावर त्या चौघी-पाच जणींचं अजून एकमत व्हायचं आहे.